दोन कुत्री, ६०० चौरस फूट अंगण: आर्टिफिशियल ग्रास घालू की खरं लॉन?

मुलुंड_तळमजला

मुलुंड पूर्वेला तळमजल्याचा फ्लॅट, मागे ३० बाय २० फुटांची मोकळी जागा, तिन्ही बाजूंनी कंपाउंड वॉल. कुत्री दोन. ३२ किलोचा लॅब आणि १८ किलोची देशी मादी, तिला उकरायची हौस दांडगी. जमीन म्हणजे वर लाल मातीचा पातळ थर आणि खाली बिल्डरने ढकललेला राडारोडा. पावसाळ्यात चिखल, मे महिन्यात धुरळा. ऊन सकाळी ९ ते दुपारी २ पर्यंत, मग शेजारची बिल्डिंग आड येते. एका कोपऱ्यात बदामाचं झाड आहे, त्याखाली दिवसभर सावली.

दोन कोटेशनं आली आहेत. एकात खाली सिमेंटचा कोबा आणि वर ४० मिमीचं आर्टिफिशियल ग्रास. दुसऱ्यात मेक्सिकन लॉनच्या गाद्या. पहिला म्हणतो, दहा वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो, कुत्र्यांनी लॉनला काही होत नाही. दोघांचंही पटत नाही. दोन्ही कुत्री दिवसातून चार-पाच वेळा इथेच शू करतात. शी बाहेर फिरताना. पाणी सकाळ-संध्याकाळ येतं, उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते. जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

---

खडीमाती

दोन्ही कोटेशनं परत करा. पहिल्यात खालचं काम चुकीचं आहे, दुसऱ्यात गवताची जात.

आधी शूचा हिशेब मांडू. निरोगी कुत्रा किलोमागे दिवसाला साधारण २० ते ४० मिली लघवी करतो. तुमच्या दोघांचं मिळून वजन ५० किलो, म्हणजे रोज एक ते दोन लिटर. ही लघवी खाली जाते कुठे, यावर तुमचं अंगण ठरणार आहे. वर प्लास्टिक आहे की हरळी, तो नंतरचा प्रश्न.

कोब्यावर घातलेलं आर्टिफिशियल ग्रास कुत्र्यांच्या घरात नासतं, ते इथेच. गवताच्या पाठीला जी भोकं असतात ती साधारण चार-चार इंचांवर. त्यातून लघवी खाली उतरते आणि कोब्यावर पसरून बसते. कोबा थोडी पितो, बाकीची गवताच्या पाठीला चिकटून राहते. जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. मार्चपासून वर ऊन तापलं की खालून वास उठतो. मग लोक फिनेल ओततात, त्याने दोन तास फिनेलचा वास येतो आणि नंतर दोन्हींचा.

आर्टिफिशियलच हवं असेल तर खाली कोबा नको, मोकळी खडी हवी. चार इंच खोदा. राडारोड्यातले मोठे तुकडे, काचा, सळ्या वेचून काढा. तळाला २० फुटांत ३ इंच उतार द्या, घराकडून भिंतीकडे. जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) खडीच्या खाली घालायचं, गवताच्या लगेच खाली नाही. गवताखालचं कापड लघवी धरून ठेवतं, आणि नेमकी हीच चूक सगळीकडे होते. कापडावर ३ इंच खडी, २० मिमीची, शक्यतो धुतलेली आणि चुरा नसलेली. त्यावर १ इंच ६ मिमी कपची. स्टोन डस्ट टाकू देऊ नका. दाबायला फार छान, पण दोन पावसाळ्यांत गच्च बसून तिचाच कोबा होतो.

हिशेब असा: ६०० चौरस फूट गुणिले ३ इंच म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास. धुम्मस मारून बसल्यावर कमी पडू नये म्हणून पावणेदोन मागवा. कपची अर्धा ब्रास. व्हायब्रेटर प्लेट भाड्याने मिळाली तर उत्तम. मिळाली नाही तर हाताच्या धुम्मसने दोनदा, आडवं आणि उभं.

रोल साधारण साडेसहा फूट रुंदीचे मिळतात. तुमच्या २० फुटांत तीन बसतात, साडेएकोणीस फूट. उरलेल्या सहा इंचांसाठी चौथा रोल कापू नका. कडेला भिंतीलगत तेवढी कपचीची पट्टी सोडा, पाणीही तिथूनच निघून जाईल. तिन्ही रोलची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर दुरून तीन वेगळे हिरवे रंग दिसतात. दोन जोड येतील. त्यांना खालून टेप आणि पीयू (पॉलियुरेथेन) गम. सिलिकॉन नको आणि गरम ग्लू गनही नको, उन्हात ती सुटते. कडेने दर सहा ते आठ इंचांवर गॅल्व्हनाइज्ड खिळा, डोकं पात्यांत बुडेपर्यंत. कडा कमी खिळ्यांवर सोडली की तुमची देशी बाई पहिल्याच आठवड्यात कोपरा उचलणार.

४० मिमी घेऊ नका. कुत्र्यांसाठी २५ ते ३० मिमी, दाट विणीचं. लांब पाती महिन्याभरात लोळतात आणि लोळलेल्या पात्यांत केस, लाळ, लघवी सगळं अडकतं. पाठ पीयूची मागा. लॅटेक्सची ओलाव्यात लवकर सुटते. सॅम्पल घरी आणून उलटं करा, वर एक मग पाणी ओता आणि किती वेळात खाली जातं ते बघा. सॅम्पलच्या तुकड्यातून टाके नखाने ओढून बघा, सहज निघाले तर तो रोल नको. बॉक्स क्रिकेटच्या टर्फवरून उतरवलेलं जुनं गवत स्वस्तात देऊ करतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात रबराचा चुरा भरलेला असतो. तो तापतो आणि कुत्री चाटतात.

एवढं सगळं सांगूनही तुमच्या जागेसाठी माझं मत आर्टिफिशियलच्या बाजूने नाही. पाच तास ऊन आहे, जमिनीचा संपर्क आहे. हरळी येते.

---

चारपायी

तब्येतीच्या बाजूने थोडं, कारण ते कोटेशनमध्ये कधी येत नाही.

भर उन्हात प्लास्टिकचं गवत ६० अंशांच्या वर जातं. खरं गवत पानांतून पाणी सोडत राहतं म्हणून त्याच उन्हात बरंच थंड असतं. तपासायची सोपी रीत: तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून ठेवा. ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजे भाजतील. पाणी मारलं तर थंड होतं, पण अर्ध्या तासात पुन्हा तापतं. तुमच्याकडे ऊन ९ ते २ आहे म्हणजे नेमक्या त्याच वेळात कुत्री आत ठेवावी लागतील. मे आणि ऑक्टोबर दोन्हीकडे हीच गत.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. मुंबईत पावसाळ्यात कुत्रा पाळणाऱ्याने हा शब्द विसरायचा नाही. उंदरांच्या मुताने दूषित झालेलं साचलेलं पाणी आणि ओला चिखल हे त्याचं घर. कुत्र्यालाही होतो, कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही. लस पहिल्या वर्षी दोन डोस आणि मग दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी संपवा. अंगणात पाणी साचू न देणं हा त्यातला दुसरा अर्धा भाग. आर्टिफिशियलची कडा उचकटलेली असेल तर खाली उंदीर बिळं करतात आणि वरून काही दिसत नाही.

गोचिडीसाठी मात्र गवताला दोष देऊ नका. कुत्र्यांवरची आपल्याकडची नेहमीची गोचीड भिंतीच्या भेगेत, पायरीच्या फटीत, पायपुसण्याखाली अंडी घालते. लॉन उखडून प्लास्टिक घातलं म्हणून ती जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते माळ्याचं खताचं पोतं. एरंडीची पेंड अंगणात येऊ देऊ नका. कुत्र्यांना तिचा वास आवडतो, ती खातात आणि ती जीवघेणी असते. हाडांच्या चुऱ्याने लॅब आख्खं लॉन उकरेल. पावसाळ्यात गोगलगायींसाठी ज्या निळ्या-हिरव्या गोळ्या टाकतात, त्यात मेटाल्डिहाइड असतं, तेही विषच. थिमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, त्यावर देशात बंदी आहे, तरी एखादा जुना माळी पुडी काढतो. खत म्हणून पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. ताज्या शेणात कुत्री लोळतात हे वेगळं सांगायला नको.

देशी मादी दीड वर्षाची असेल तर चावण्याचं वय अजून सरलेलं नाही. प्लास्टिकची पाती गिळली तर आतड्यात गोळा होऊन अडतात. ती खेळणी फाडून खाते का, हे बघून ठरवा.

---

हरळीवाला

मेक्सिकन लॉन दिसायला गालिचा, पण फार सावकाश वाढतं. एकदा जळालं किंवा उकरलं की ती जागा भरायला महिने लागतात. नर्सरीवाला तेच पुढे करतो कारण गाद्या तयार असतात. कुत्र्यांच्या अंगणात हरळीच. तिचे धावते कोंब जमिनीवरूनही पसरतात आणि जमिनीखालूनही, म्हणून खड्डा पडला तरी बाजूने धावून भरते. आपली पूजेची दूर्वा तीच. नर्सरीत 'बर्म्युडा' म्हणून मिळते तीही त्याच कुळातली, पात बारीक. अट एकच, ऊन. पाच तास म्हणजे काठावर पास. बदामाखाली येणार नाही, तिथे प्रयत्नही करू नका.

पिवळे डाग का पडतात ते समजून घ्या, म्हणजे नको ती औषधं विकत घेणार नाही. लघवीत नत्र आणि क्षार भरपूर असतात. एका जागी एकदम पडले की गवत करपतं, आणि डागाच्या कडेला जिथे मात्रा पातळ झालेली असते तिथे उलट गडद हिरवं कडं उठतं. म्हणजे हा खताचा अतिरेक आहे, आम्लाचा नाही. त्यामुळे चुना, सोडा, कुत्र्याच्या खाण्यात घालायच्या 'लॉन वाचवा' गोळ्या यांचा काही उपयोग नाही. लघवीचा सामू बदलणाऱ्या गोळ्यांनी मूतखड्याचा धोका मात्र वाढतो. डाग जास्त मादीचे दिसतील, कारण ती बसून एकाच जागी रिकामी होते. नर भिंतीवर, कुंडीवर थोडं थोडं शिंपडत फिरतो.

उपाय पाणी. लघवीच्या तिप्पट तरी, जमेल तितक्या लगेच. दाराशी भरलेली बादली आणि तिच्यात एक मग ठेवा. दर खेपेला एक मग पुरतो. सकाळची पहिली शू सगळ्यात तीव्र, तिला दोन मग. पावसाळ्यात हे काम वरूनच होतं.

लावणी जूनमध्ये करा असं सगळे सांगतात. मुंबईत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जमली तर ठीक, नाहीतर जुलैचा पाऊस टोचलेले कोंब मातीसकट गटारात नेतो. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर जास्त भरवशाचा. जमीन ओली असते, ऊन परत आलेलं असतं आणि इथल्या थंडीत हरळी झोपत नाही, फक्त मंदावते. दोन-तीन गाठींचे कोंब तीन-चार इंचांवर टोचायचे, एक गाठ मातीत, एक वर. पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा हलकं पाणी. सहा ते आठ आठवडे कुत्र्यांना आत सोडायचं नाही. हे पाळता येत नसेल तर गाद्याच घ्या, पण हरळीच्या. त्या तीन-चार आठवड्यांत धरतात. कोपरा धरून वर ओढा, उचलला नाही तर मुळं खाली उतरली आहेत.

कापणी दीड इंचावर ठेवा. फार खुरटं केलं तर मुळंही उथळ होतात आणि एका ब्रेकमध्ये लॅब गवत उखडतो. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. पावसाळ्यात दर आठवड्याला कापायला लागेल. युरिया वर्षातून तीनदा पुरे: जूनच्या सुरुवातीला, ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत. चौरस मीटरला १० ग्रॅम, लगेच पाणी देऊन विरघळवायचा आणि सुकेपर्यंत कुत्री आत. शू करायची जागा यातून वगळा, तिथे कुत्र्यांनी आधीच टाकलेला आहे.

---

गच्ची_दादर

हरळीचं सगळं मान्य, पण पाण्याचा हिशेब कुणी सांगणार का? एप्रिल-मेमध्ये लॉनला दिवसाला साधारण ५ मिमी पाणी लागतं. ६०० चौरस फूट म्हणजे ५६ चौरस मीटर, म्हणजे रोज २८० लिटर. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत सेक्रेटरी काय म्हणेल ते सांगायला नको.

आणि गच्चीवर तर खरं लॉन विसराच. सहा इंच ओली माती चौरस मीटरला २८० किलोच्या वर जाते. येण्याजाण्याची गच्ची धरताना भारतीय मानकात हिशेब १५० किलोचा असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला न विचारता माती चढवायची नाही. तिथे आर्टिफिशियल, पण चायना चिपवर (गच्चीवरच्या चिनी मातीच्या तुकड्यांच्या फरशीवर) थेट नको. मध्ये २० मिमीचे ड्रेनेज सेल टाका म्हणजे खालून पाणी वाहतं. खिळा एकही मारू नका, वॉटरप्रूफिंग फुटतं. कडेला वजनदार कुंड्या किंवा कडाप्प्याच्या पट्ट्या ठेवा. एक कोपरा मोकळा ठेवायचा, महिन्यातून एकदा गुंडाळून खाली धुता आलं पाहिजे. गच्चीच्या जाळीवर केसांचा बोळा बसतो, पावसाआधी काढा.

वासासाठी पात्यांमध्ये भरण म्हणून वाळूऐवजी झिओलाइट (सच्छिद्र खनिजाचे दाणे). चौरस फुटाला अर्धा किलो धरा. ते अमोनिया धरून ठेवतं, पण त्याचंही पोट भरतं. मग वरचं झाडून काढून नवीन पसरावं लागतं. धुवायला एन्झाइमचं क्लीनर, संध्याकाळी मारायचं आणि ओलं राहू द्यायचं. उन्हात मारलं तर सुकून वाया जातं. ब्लीच कधीच नाही. लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू सुटतो.

---

मुलुंड_तळमजला

सगळ्यांचे आभार, खूप नवीन कळलं. मी हरळीकडे झुकतोय. तीन शंका. बदामाखाली मग काय घालू? भिंतीलगत लॅब रोज तीच फेरी मारतो, तिथे आत्ताच पायवाट पडली आहे, हरळी टिकेल? आणि जागेत दोन चेंबरची झाकणं आहेत, शिवाय सोसायटीची जमिनीखालची टाकी घराच्या डाव्या कोपऱ्याला लागून आहे. त्याचं काही करायचं का?

---

खडीमाती

टाकी आहे हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! तिच्यापासून सुरुवात करू. टाकीकडे उतार काढायचा नाही, शूची जागा तिथून जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची, आणि टाकीचं तोंड नव्या पातळीपेक्षा किमान सहा इंच वर राहिलं पाहिजे. माती भरल्यावर ते खाली जात असेल तर आधी सोसायटीला सांगून तोंड उचलून घ्या. चेंबरची झाकणं गवताखाली पुरायची नाहीत. ट्रे-झाकण मिळतं, त्यात माती भरून हरळी लावता येते. पण साधं झाकण उघडं ठेवलं तर तुंबल्यावर प्लंबरला सापडतं. मला तेच बरं वाटतं.

पायवाटेवर हरळी टिकणार नाही, हट्ट करू नका. कुत्रा भिंतीलगत पहारा देतो, ते सुटत नाही. तिन्ही भिंतींना लागून दोन फुटांची पट्टी कडक करा. पॉलिश केलेला कोटा किंवा कडाप्पा नको, पावसात घसरतात. जांभ्याचे चिरे रेतीवर, सांधे मोकळे सोडून बसवा. जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये ताठ झाडूने पंधरा दिवसांतून एकदा घासा.

बदामाखाली शूची जागा करा, तो कोपरा टाकीच्या विरुद्ध बाजूला असेल तर. खोडापासून तीन फूट सोडून ४ बाय ६ फुटांचा खड्डा, एक फूट खोल. जाड मूळ लागलं तर तोडू नका, खड्डा सरकवा. तळाला ८ इंच २० मिमी खडी, वर कापड न घालता ४ इंच नदीचे बारीक गुळगुळीत गोटे. खडीला १६ घनफूट आणि गोट्यांना ८ घनफूट, म्हणजे सगळं मिळून पाव ब्रासच्या आत. मध्ये एक लाकडी खांब रोवा, लॅबला पाय वर करायला काहीतरी लागतंच. पहिले दोन-तीन आठवडे पट्टा लावून थेट तिथेच न्यायचं, शू झाली की लगेच खाऊ. त्यांचीच लघवी टिपलेला कागद गोट्यांवर ठेवला तर लवकर कळतं. रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओता. बदामाची पानं गोट्यांत कुजू देऊ नका, वरचेवर वेचा.

पण खड्डा खणायच्या आधी जमीन पाणी पिते का ते बघा. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा करा, भरून पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टीने मोजा. तासाला इंचभर उतरलं तर चाललं. अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर खाली भराव गच्च आहे. मग उताराच्या टोकाला, चिऱ्यांच्या पट्टीखाली, भोकं पाडलेला ४ इंची पीव्हीसी पाइप कापडात गुंडाळून घाला आणि पावसाच्या गटाराला जोडा. भोकं खालच्या बाजूला. सांताक्रूझच्या नोंदीत पावसाळ्याची सरासरी २००० मिमीच्या वर आहे, मुलुंडला काही कमी पडत नाही. त्यामुळे हा पाइप वाचवण्यात अर्थ नाही.

पट्टी आणि बदामाचा कोपरा वजा केला की हरळीला उरतात साधारण ४३० चौरस फूट. पाण्याचा हिशेबही २८० वरून २०० लिटरवर येतो. कपडे धुतलेलं पाणी वळवायचा मोह आवरा, साबणाचं पाणी कुत्री चाटतात. तांदूळ धुतलेलं चालेल. माती ४ इंच, म्हणजे १४३ घनफूट, बसून कमी होते म्हणून पावणेदोन ब्रास मागवा. दोन भाग लाल माती, एक भाग धुतलेली क्रश सँड, एक भाग कुजलेलं शेणखत. नुसती लाल माती पावसात लगदा होते आणि लॅबच्या पायांनी दगडासारखी बसते. ट्रक आला की मूठभर माती ओली करून दाबा. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे.

---

हरळीवाला

एक राहिलं. मादीची उकरायची हौस मातीवरच निघणार, तेव्हा तिला तिची जागा द्या. बदामाच्याच सावलीत ३ बाय ३ फुटांत फूटभर रेती, पण शूच्या गोट्यांपासून दूर. खेळणं पुरून ठेवा. मांजरं रेतीत घाण करतात म्हणून रात्री वर ताडपत्री टाका, चारी कोपऱ्यांवर चिरा ठेवा. लॉनवर जिथे ती उकरेल तिथे मातीच्या इंचभर खाली जाळी अंथरा, अर्ध्या इंची वेल्डेड, गॅल्व्हनाइज्ड. हरळी जाळीतून आरामात वर येते. कापलेल्या जाळीच्या कडा खाली दुमडायला मात्र कामगाराला उभं राहून सांगा, नाहीतर पंजा फाटतो.

टोचणीसाठी ४३० फुटांना साधारण ५० ते ६० चौरस फूट हरळीची गादी मोकळी करून पुरते. गादी आणली त्याच दिवशी टोचा, पोत्यात रात्रभर ठेवली तर आतून तापून पिवळी पडते.